तिळगूळ भिंतीवरून देत नाहीत

बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणाशी नवी ओळख झाली आणि "मी प्रोबेशन ऑफिसर" असं सांगितलं, की एचएसआर लेआउटकडची सॉफ्टवेअरवाली तरुण मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे कन्फर्म कधी होणार तुम्ही?" मी कन्फर्म होऊन केस पिकले. प्रोबेशनवर असतात ती माझी माणसं. यंदा मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा ठरवलं की आधी एवढा खुलासा करून टाकावा.

कोर्टात गुन्हा सिद्ध झाला, पण गुन्हा मोठा नाही आणि माणूस सराईत नाही, असं असेल तर न्यायाधीश त्याला तुरुंगात न पाठवता हमीपत्र लिहून घेऊन घरी पाठवू शकतात. शिक्षा माफ झालेली नसते, खुंटीला टांगून ठेवलेली असते. ठरलेल्या मुदतीत नीट वागलात तर ती तिथेच राहते. अटी मोडल्यात तर खाली काढून अंगात घालतात. त्या मुदतीत माणसावर लक्ष ठेवणं, त्याच्या घरी जाणं, कामधंद्याची चौकशी करणं आणि अट मोडल्याचं कानावर आलं तर कोर्टाला कळवणं, हे माझं काम. अर्धी पोलीस आणि अर्धी मावशी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात पोलिसाची काठी नाही आणि मावशीइतका वेळ नाही.

अट मोडल्याचा आरोप आला की कोर्ट समन्स काढतं आणि सुनावणी ठेवतं. तिथे माणसाला आपलं म्हणणं मांडता येतं. पण गंमत अशी, की बऱ्याच जणांना ते मांडायचंच नसतं. "सुनावणी नको, मला सगळं मान्य आहे" असा कागद टाइप करून आणतात. कुणाला रजा मिळत नाही, कुणाला चारचौघांत उभं राहायची लाज वाटते. आपल्या लोकांच्या डोक्यात तर पक्कं बसलेलं असतं, की चूक कबूल केली की विषय संपतो. घरात संपत असेल. कोर्टात तिथूनच सुरू होतो.

खरं सांगायचं तर असा कागद आला की आमचं काम वाचतं. सुनावणी म्हणजे कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस घालवणं. आणि काही वेळा कागद देणाऱ्याचं बरोबरही असतं. दारूला हात लावायचा नाही अशी अट असलेला एक सुतार माझ्याकडे हजेरीला आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, ही कालची आहे, आजची नाही." त्याला सुनावणी देऊन काय करायचं होतं? वास सगळ्या खोलीला येत होता. त्याने कबुली दिली, पहिलीच वेळ म्हणून किरकोळ दंडावर सुटला, आणि पुढे शुद्धीत राहून त्याने आमच्या ऑफिसचं मोडकं कपाट दुरुस्त करून दिलं.

दुसरा एक होता, सरकारी खात्यातला वायरमन. परवानगी न घेता गावी गेला म्हणून समन्स निघालं. त्याने मान खाली घालून कबुली दिली, सुनावणी सोडली. न्यायाधीशांसमोर फक्त कबुलीच होती, त्यांनी मूळ गुन्ह्याची शिक्षा लावली. नोकरी गेली. बाप अत्यवस्थ होता म्हणून रात्रीच्या बसने गेला होता, हे त्याने मला नंतर जिन्यात सांगितलं. "कोर्टात का नाही बोललात?" विचारलं तर म्हणाला, "कुणी विचारलंच नाही." विचारतात ते सुनावणीतच. हा माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि म्हणूनच सुमनाक्का तसाच कागद घेऊन आल्या तेव्हा मी पेन बाजूला ठेवलं.

सुमनाक्का मूळच्या निपाणीकडच्या. बंगळुरात एका सरकारी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या, निवृत्ती जवळ आलेली. नवरा वारलेला, राहायला राजाजीनगरच्या मागच्या बाजूला एका छोट्या घरात. पलीकडचं घर नागराज यांचं. तेही एकटेच, कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन घरांत छातीएवढी भिंत. भांडण पाण्याचं. इथे पाणी एक दिवसाआड येतं, आणि नागराजांनी सरळ नळालाच मोटर लावली होती. त्यांची टाकी भरायची, सुमनाक्कांच्या नळातून नुसती हवा यायची. "अण्णा, मोटर काढा" असं त्यांनी दोनदा जाऊन सांगितलं. तिसऱ्यांदा गेल्या त्या भरलेली बिंदगी घेऊन. बिंदगी म्हणजे आपली घागर, इथे प्लास्टिकची असते, पण भरलेली असली की वजनाला तीही कमी नाही. नागराज पायरीवर उभे होते. बिंदगी खांद्यावर बसली, ते पडले, मनगट मोडलं.

कोर्टात वकिलाने तोंड उघडायच्या आत सुमनाक्कांनी सांगून टाकलं, "मारलो मी. पाणी सांडलं, भांडं फुटलं, ह्यांचा हात बी मोडला. हात मोडायचा न्हवता." आमच्या भागात बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात, मीही खानापूरची, घरी तशीच बोलते. कोर्टाने त्यांना वर्षाच्या हमीपत्रावर सोडलं. अटी दोन: कुणाशी मारामारी करायची नाही, आणि नागराज यांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

या अटी मी त्यांना वाचून दाखवल्या, तेव्हा त्या जरा विचारात पडल्या.

"पाऊल टाकायचं न्हाई. आणि हात?"

"हात म्हणजे?"

"मधली भिंत बारकी हाय. कपडे वाळत घालताना हात पलीकडं जातोय."

बाहेर माणसं ताटकळत होती. "हात चालेल, पाय नको," मी म्हटलं.

"सरी," म्हणाल्या, कानडीत म्हणजे 'बरं', आणि गेल्या.

पुढे सगळं सुरळीत चाललं होतं. वेळेवर हजेरी, वसतिगृहातून चांगला शेरा. संक्रांत झाली आणि नागराज यांचा मुलगा किरण याची तक्रार आली. किरण एचएसआर लेआउटमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. वडिलांच्या दाराला त्याने कॅमेरावाली घंटी बसवली होती. तिने काढलेला फोटो सोबत होता: सुमनाक्का नागराज यांच्या उंबऱ्याशी, अंगावर इरकली साडी, आणि पदराखाली काहीतरी झाकलेलं. 'जिने माझ्या वडिलांचा हात मोडला, ती बाई काहीतरी लपवून घेऊन आत आली,' असं त्याने लिहिलं होतं. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा बाप असता तर मीही लिहिलं असतं. मी कोर्टाला कळवलं, समन्स निघालं.

आणि सुमनाक्का कागद घेऊन हजर.

"सही कुठं करायची सांगा."

"काय लिहिलंय वाचलंत?"

"वकिलाच्या हापिसात वाचून दाखवलं की. अट मोडली, मान्य हाय, सुनावणी नको. बारका दंड भरायचा, झालं."

"खरंच गेला होता?"

"गेलतो की. खोटं कशाला बोलू? फोटोत हायच."

"पदराखाली काय होतं?"

"सणादिवशी काय असतंय, मॅडम?"

"तिळगूळ? मग तेच कोर्टात सांगा."

"न्हाई. सुनावणी नको."

"अहो, दंडच होईल असं कुणी लिहून दिलंय? शिक्षाही लावू शकतात. तुम्ही आज नोकरीत आहात ते का, माहीत आहे? प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या गुन्ह्यापायी नोकरीला अपात्र धरत नाहीत म्हणून. मूळ शिक्षा लागली की ती सोय संपली. नोकरी जाईल, तिच्याबरोबर पेन्शन."

पेन्शन हा शब्द पोचला होता, कारण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी कुणाला तरी शब्द दिलोय. माझं मी बघतो."

सही करणं हा त्यांचा हक्क, मी अडवू शकत नाही. "कागद माझ्याकडे नाही, कोर्टात द्यायचा असतो," मी म्हटलं. "तारखेला घेऊन या. तोवर चौकशी करणं माझं काम आहे, ते मी करणार."

नागराज यांच्याकडे गेले. त्यांनी "बन्नी, बन्नी" म्हणजे 'या, या' करत आत नेलं आणि कॉफी करायला उठले. मोडलेलं मनगट किंचित वाकडंच जुळलेलं, तरी पातेलं धरता येत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फोटोबद्दल विचारत होते. आमचं बोलणं कानडीत चाललं होतं.

"आली असेल. मला आठवत नाही," ते म्हणाले.

"पदराखाली काय होतं?"

"मला काय माहीत?"

ओट्यावर घासलेली भांडी पालथी घातली होती. त्यांत एक स्टीलचा डबा. त्याच्या कडेला बारीक टिंबांनी कोरलेली अक्षरं होती, देवनागरीत. चि. सौ. कां. सुमन, निपाणी.

"हा डबा कुठला?"

"मेसचा. नॉर्थ कर्नाटक मेस आहे एक, तिथून रोट्टी येते."

"मेसचं नाव सुमन आहे का?"

त्यांनी कॉफीचं पातेलं खाली ठेवलं. "तुम्हाला ते वाचता येतं?"

"माझ्या लग्नातल्या भांड्यांवर असंच आहे."

"अय्यो," म्हणाले आणि स्टुलावर बसले. मग सगळं बाहेर आलं.

हात प्लास्टरमध्ये होता, स्वयंपाक करता येईना, हॉटेलचं खाऊन पोट बिघडलं. एका दुपारी भिंतीवर डबा दिसला. जवारीची भाकरी आणि भरली वांगी. त्यांनी ताठ्याने हात लावला नाही, कावळ्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा, आणि भिंतीपलीकडून आवाज.

"काय म्हणाल्या तुम्हाला?"

"मला काही नाही. कावळ्याला म्हणाली, काल तुझं झालं, आज माणसाला खाऊ दे."

त्या दिवसापासून डबा चालू. प्लास्टर निघालं तरी चालू. मुलाला त्यांनी मेस लावल्याचं सांगितलं होतं. किरण एकदा आला तेव्हा त्याला ती भाकरी इतकी आवडली, की तेव्हापासून तो त्या मेसचा नंबर मागत होता.

"खरं का नाही सांगितलंत?"

"तो आधीच म्हणतो, घर बंद करा आणि माझ्याकडे चला. बाराव्या मजल्यावर राहतो. खाली बघितलं की मला गरगरतं. हात मोडणाऱ्या बाईचंच मी जेवतो हे कळलं तर म्हणेल, अप्पांचं डोकं फिरलंय, आता एकटं ठेवायचंच नाही. म्हणून अक्कांना म्हटलं, मुलाला कळू देऊ नका."

हाच तो शब्द. आणि संक्रांतीला? ते खाली बघत म्हणाले, "बायको गेल्यापासून घरात एळ्ळु-बेल्ल आलं नव्हतं." कानडी घरांत तिळगुळाला हेच म्हणतात. "मीच मागितलं. भिंतीवर ठेवा म्हटलं. तर म्हणाल्या, सणाचं भिंतीवरून देत नाहीत. आल्या, हातात दिलं, वाकून नमस्कार केला, गेल्या. त्यासाठी दंड भरायला तयार आहेत. मी म्हटलं, निम्मा मी देतो."

"दंड नाही, जेल होऊ शकते," मी सांगितलं. "नोकरी जाईल, पेन्शन जाईल. तारखेला त्या कबुली देणार आहेत, तुमचा शब्द पाळायला. आणि जेलमधून रोट्टी येत नाही."

त्यांनी कॉफी गाळली. माझ्या पेल्यात ओतली. "तारीख कधी आहे?" एवढंच विचारलं. येणार का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माणसाला कोपऱ्यात गाठून हो म्हणवलं तर ते दारापर्यंतच टिकतं.

तारखेला सुमनाक्का सगळ्यांच्या आधी आल्या. तीच इरकली, हातात तोच कागद. मी व्हरांड्यात दोनदा जाऊन बघून आले. नागराज यांचा पत्ता नव्हता. पुकारा झाला. न्यायाधीश तरुण बाई होत्या, कानडी, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी कागद वाचला.

"तुम्हाला सुनावणी नको असं लिहिलंय. बरोबर आहे का?"

"व्हय, अम्मा."

"मला पाहिजे," मागून आवाज आला.

नागराज दारात उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, धापा टाकत. मागे गाडीची चावी हातात घेतलेला किरण. वडील साक्ष द्यायला निघाले म्हटल्यावर बिचाऱ्याने रजा काढून आणलं होतं. अर्थात सुमनाक्कांच्या विरुद्ध साक्ष, अशी त्याची समजूत.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हात मोडला तो मी."

"पुढे या."

सुमनाक्का त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या. नागराजांनी तिकडे बघायचं टाळलं आणि सगळं सांगितलं. प्लास्टर, डबा, कावळा, एळ्ळु-बेल्ल. "हिने मला मारलं ते चूकच," शेवटी म्हणाले. "पण संक्रांतीला ही माझ्या घरात घुसली नाही. मी बोलावलं. अट हिला घातली होती. बोलावू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

न्यायाधीश सुमनाक्कांकडे वळल्या. "इतके दिवस डबा भिंतीवर ठेवत होतात. मग हेही भिंतीवर का नाही ठेवलं?"

"सणाचं भिंतीवरून देतात व्हय, अम्मा?" सुमनाक्कांना प्रश्नच कळला नव्हता. "मोठ्या माणसाला हातात द्यायचं, पाया पडायचं. भिंतीवर काय, कावळ्याला ठेवतात."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. हसू लपवायला त्यांना पाण्याचा ग्लास उचलावा लागला. मग माझ्याकडे बघितलं. "भिंतीवरून हात चालेल, असं यांना कुणी सांगितलं होतं का?"

"मीच सांगितलं होतं. अटीत पाऊल म्हटलं आहे."

"हं," त्या म्हणाल्या. "अट लिहिताना सणवारांचा विचार करायला हवा होता."

निकाल तिथेच झाला. ज्याच्या संरक्षणासाठी अट घातली त्यानेच घरी बोलावलं, तेव्हा कारवाईचं कारण दिसत नाही. आवारात पाऊल न टाकण्याची अट काढून टाकली. मारामारी न करण्याची अट मुदत संपेपर्यंत कायम. सुमनाक्कांचा कागद परत त्यांच्या हातात आला. त्यांनी तो चार घड्या घालून कमरेला खोचला.

बाहेर व्हरांड्यात किरण बापाकडे बघत उभा होता.

"अप्पा, म्हणजे ती मेस..."

"हीच."

"मी ऑनलाइन शोधत होतो ती. चांगलं रेटिंग द्यायला!"

"मग आता दे," नागराज म्हणाले. "आणि घर बंद करायचं वगैरे काढू नकोस. मी जेवतोय, झोपतोय, कोर्टात साक्षसुद्धा देतोय."

किरणने बराच वेळ चावी फिरवली आणि सुमनाक्कांना म्हणाला, "आंटी, रविवारी मलाही डबा मिळेल?"

"रविवारी डबा न्हाई," त्या म्हणाल्या. पोराचं तोंड उतरलेलं बघून पुढे म्हणाल्या, "घरी येऊन ताटात जेव. आणि ती घंटी स्वल्प वर लाव, फोटोत मी लई जाड दिसतोय."

मग मला बाजूला घेतलं. "मॅडम, मी तोंडातनं एक शब्द काढला न्हवता."

"नव्हताच काढला. तुमच्या डब्याने काढला."

"मेला नाव कोरणारा," त्या म्हणाल्या. "दहा भांड्यांवर घालायला सांगितलं, त्यानं चमचा बी सोडला न्हाई."

उन्हाळ्यात सुमनाक्का निवृत्त झाल्या. वसतिगृहाच्या मुलींनी त्यांना साडी दिली आणि पेन्शनचा आदेश वेळेवर निघाला, जे आमच्या सरकारात कोर्टाच्या निकालापेक्षा दुर्मीळ आहे. वायरमनची आठवण मला त्या दिवशीही झाली. सगळेच नागराज धापा टाकत का होईना, वेळेवर पोचतात असं नाही.

त्याच उन्हाळ्यात, पाण्याची ओढाताण चाललेली असताना, सकाळी सकाळी सुमनाक्कांचा फोन आला. हमीपत्राची मुदत अजून संपायची होती.

"मॅडम, ह्यानं परत मोटर लावली."

"कुणी?"

"आणि कोण? रोज माझी भाकरी खातोय आणि माझंच पाणी ओढतोय. आत जाऊन बोलू काय?"

"ती अट उठलीय. खुशाल जा."

"जातो. पण ते मारामारीचं अजून हाय न्हवं?"

"आहे. हातात काय आहे तुमच्या?"

"बिंदगी."

"रिकामी की भरलेली?"

"रिकामीच की. भरायला पाणी कुठं हाय?"

"तरी खाली ठेवा," मी म्हटलं. "आत जा, उंबऱ्यावर उभ्या राहा, काय बोलायचं ते बोला. तोंड चालेल, हात नको."

"सरी," म्हणाल्या. फोन बंद करायचं विसरल्या, त्यामुळे बिंदगी जमिनीवर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि पाठोपाठ भिंतीच्या पलीकडच्या आवारातून, निपाणीच्या बाजारातही पोचेल असा, त्यांचा आवाज.